लघवीचा रिपोर्ट : 'पस सेल्स' आधी की 'अल्ब्युमिन' आधी?

दोन रिपोर्ट समोर ठेवून सुरुवात करू. दोन्ही काल्पनिक आहेत. पण असे रिपोर्ट आपल्या जिल्ह्यातील कोणत्याही लॅबोरेटरीत रोज तयार होतात.

पहिला रिपोर्ट पस्तीस वर्षांच्या एका बाईंचा आहे. रंग गडद पिवळा, विशिष्ट गुरुत्व १.०३०, अल्ब्युमिन 'ट्रेस', साखर नाही, पस सेल्स ८ ते १०, एपिथेलियल सेल्स भरपूर, कॅल्शियम ऑक्झलेटचे स्फटिक थोडे. दुसरा रिपोर्ट बावन्न वर्षांच्या एका शेतकऱ्याचा. त्यांना दहा वर्षांपासून मधुमेह आहे. रंग फिकट पिवळा, विशिष्ट गुरुत्व १.०१०, अल्ब्युमिन '++', साखर नाही, पस सेल्स २ ते ३, लाल पेशी नाहीत, स्फटिक नाहीत. त्रास विचारला तर 'काही नाही'.

यातला काळजीचा रिपोर्ट कोणता? बहुतेक वाचक पहिल्यावर बोट ठेवतील. त्यात 'पस' आहे, 'स्फटिक' आहेत, रंगही चांगला नाही. त्या बाईंना 'किडनीला पू झाला' असे कोणीतरी सांगते, मग इंजेक्शने होतात, सलाईन लागते. शेतकरी मात्र 'साखर नाही, पस नाही' एवढे वाचून रिपोर्टाची घडी करून खिशात ठेवतो. प्रत्यक्षात पहिल्या रिपोर्टात मूत्रपिंडाविषयी काळजी करावे असे काही नाही. दुसऱ्यात आहे.

असे का, हे समजण्यासाठी मूत्रपिंडाचे काम थोडक्यात पाहू. कण्याच्या दोन्ही बाजूंना, बरगड्यांच्या खालच्या टोकाशी ही दोन मूत्रपिंडे असतात. प्रत्येकात सुमारे दहा लाख सूक्ष्म गाळण्या असतात. या गाळण्यांतून दिवसाकाठी सुमारे १८० लिटर द्रव रक्तातून गाळला जातो. त्यातील जवळजवळ सगळा पुन्हा रक्तात घेतला जातो आणि दीड-दोन लिटर लघवी बाहेर पडते. रक्तातील अल्ब्युमिन नावाचे प्रथिन आकाराने मोठे असल्यामुळे निरोगी गाळणीतून ते जवळजवळ उतरतच नाही. पिठात कोंडा दिसू लागला तर घरातली बाई चाळण उजेडात धरून पाहते. लघवीत अल्ब्युमिन दिसले की मूत्रपिंडाच्या चाळणीकडे तसेच पाहायचे असते. पस सेल्स म्हणजे पांढऱ्या पेशी. त्या वाढल्या तर जंतुसंसर्ग झालेला असू शकतो, पण तो बहुधा खाली मूत्राशयात किंवा मूत्रमार्गात असतो. त्याने जळजळ होते, वारंवार जावे लागते, आपण ज्याला उन्हाळी लागणे म्हणतो ते होते. थंडी वाजून ताप आणि कुशीत दुखणे असेल तर मात्र संसर्ग वर मूत्रपिंडापर्यंत गेला असे समजून त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे.

अल्ब्युमिनचा आणि मूत्रपिंडाचा हा संबंध १८२७ साली लंडनच्या गायज हॉस्पिटलमधील डॉ. रिचर्ड ब्राइट यांनी मांडला. अंगावर सूज असलेल्या रुग्णांची लघवी चमच्यात घेऊन मेणबत्तीवर तापवली की ती, अंड्याचा पांढरा भाग तापल्यावर गोठतो तशी, गढूळ होते हे त्यांनी पाहिले. असे रुग्ण दगावल्यावर शवविच्छेदनात त्यांची मूत्रपिंडे खराब झालेली आढळली. पुढे कितीतरी वर्षे मूत्रपिंडाच्या विकाराला 'ब्राइटचा आजार' असेच म्हणत.

तालुक्याच्या लॅबोरेटरीतही पुष्कळ वर्षे याच तत्त्वावर तपासणी होत असे. परीक्षानळीतील लघवीचा वरचा भाग तापवायचा, गढूळपणा आला तर ॲसेटिक ॲसिडचे थेंब टाकायचे. गढूळपणा गेला तर ते फॉस्फेट क्षार. राहिला तर अल्ब्युमिन. येथे एक गोष्ट सांगून टाकतो. अनेक तरुण मुले 'लघवीतून धातू जातो, अशक्तपणा आला' म्हणून खचून जातात आणि भिंतीवरच्या जाहिराती वाचून पैसे घालवतात. लघवी गढूळ दिसण्याचे एक अगदी नेहमीचे कारण म्हणजे हेच फॉस्फेट क्षार. ॲसिडचे चार थेंब पडले की ते विरघळतात. त्यात ना धातू असतो, ना ताकद जाते.

आता बहुतेक ठिकाणी रंग बदलणारी पट्टी वापरतात. तिच्यावरील खुणांचा अर्थ साधारण असा : 'ट्रेस' म्हणजे १०० मिलिलिटरमध्ये १५ ते ३० मिलिग्रॅम, एक अधिक म्हणजे सुमारे ३०, दोन अधिक म्हणजे सुमारे १००, तीन अधिक म्हणजे सुमारे ३०० आणि चार अधिक म्हणजे हजार किंवा त्याहून जास्त. पण पट्टी फक्त दाटपणा मोजते. काढा आटवला की कडू लागतो, तसे लघवी आटली की तिच्यातले सगळेच जास्त दिसते. म्हणून अल्ब्युमिनच्या ओळीबरोबर विशिष्ट गुरुत्वाची ओळ वाचायची. १.००५ म्हणजे पातळ, १.०३० म्हणजे खूप दाट. पहिल्या रिपोर्टातील बाईंनी पाणी कमी प्यायलेले होते, १.०३० वरचा 'ट्रेस' हा त्या आटलेल्या लघवीचा परिणाम. शेतकऱ्याची लघवी मात्र पातळ असूनही दोन अधिक आले. म्हणजे दिवसभरात बरेच प्रथिन वाहून जात असणार. (मूत्रपिंड बरेच खराब झाले की लघवी दाट करण्याची शक्ती जाते आणि हा आकडा १.०१० च्या आसपास अडकून बसतो. एका रिपोर्टावरून मात्र असे म्हणता येत नाही.)

अल्ब्युमिन एकदा आले म्हणून घाबरायचे नाही. ताप असताना, खूप अंगमेहनत झाल्यावर, लघवीत जंतुसंसर्ग असताना, पाळीच्या दिवसांत किंवा हृदय कमजोर होऊन दम लागत असताना ते तात्पुरते दिसते. काही तरुणांत दिवसभर उभे राहिल्याने दिसते. त्यांची सकाळी उठल्याबरोबरची लघवी तपासली तर स्वच्छ निघते. म्हणून नियम असा की तीन महिन्यांच्या काळात तीन वेळा तपासावे. त्यांपैकी दोनदा अल्ब्युमिन आले तरच ते कायमचे समजावे. आपल्याकडे दुसऱ्यांदा तपासणीच होत नाही. पहिला रिपोर्ट पाहून कोणी घाबरून औरंगाबाद किंवा पुणे गाठतो (औरंगाबादचे नाव २०२३ पासून छत्रपती संभाजीनगर, पण जुनी सवय सुटत नाही), कोणी रिपोर्ट फेकून देतो.

मधुमेहींसाठी एक पायरी आणखी आहे आणि या लेखातील सर्वांत उपयोगाची माहिती मला तीच वाटते. गाळणीला छिद्रे पडण्याच्या सुरुवातीला अल्ब्युमिन इतके थोडे जाते की साध्या पट्टीवर ते दिसत नाही. रिपोर्टात 'नाही' लिहून येते आणि आपण निर्धास्त होतो. त्यासाठी 'अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तर' किंवा लॅबोरेटरीच्या भाषेत 'एसीआर' नावाची लघवीचीच तपासणी करावी लागते. सकाळची एकच लघवी पुरते, चोवीस तासांची साठवावी लागत नाही. आकडा ३० च्या खाली असेल तर ठीक. ३० ते ३०० म्हणजे गळती सुरू झाली आहे. ३०० च्या वर म्हणजे ती बरीच वाढली आहे, आणि साधी पट्टी खात्रीने बोलू लागते ती साधारण येथे. प्रौढ वयात मधुमेह झालेल्याने निदान झाल्याबरोबर आणि पुढे दरवर्षी हे गुणोत्तर तपासावे. लहानपणीच इन्शुलिन सुरू झालेल्यांनी पाच वर्षांनंतर दरवर्षी तपासावे. ३० ते ३०० च्या टप्प्यात सापडलेल्या रुग्णाला पुष्कळ करता येते. रक्तदाब १३०/८० च्या आसपास आणणे, साखर ताब्यात ठेवणे, तंबाखू सोडणे, आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने प्रथिनांची गळती कमी करणाऱ्या गोळ्या घेणे. रक्तदाबाच्या गोळ्यांपैकी एनालाप्रिल, टेल्मिसार्टन या जातीच्या गोळ्या यासाठी मुद्दाम दिल्या जातात. (गरोदर स्त्रीने त्या घ्यायच्या नाहीत.) तुमचा रक्तदाब आता बरा आहे म्हणून त्या आपल्या मनाने बंद करू नयेत, त्या फक्त रक्तदाबासाठी दिलेल्या नसतात.

साखरेच्या ओळीचेही असेच. रक्तातील साखर साधारण १८० च्या वर गेली तरच ती लघवीत उतरते. म्हणजे लघवीत साखर नाही याचा अर्थ मधुमेह ताब्यात आहे असा होत नाही. उलट डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या घेणाऱ्यांच्या लघवीत साखर भरपूर येते, कारण साखर लघवीवाटे बाहेर काढणे हेच त्या गोळ्यांचे काम. या गोळ्यांचा मूत्रपिंडाला फायदा होतो असे मोठ्या अभ्यासांतून दिसले आहे. 'साखर चार अधिक आली' म्हणून घाबरून त्या सोडून देणारे रुग्ण पाहिले की वाईट वाटते. लघवी तपासायला देताना कोणत्या गोळ्या चालू आहेत ते सांगावे.

आता पुन्हा त्या बाईंच्या पस सेल्सकडे येऊ. सूक्ष्मदर्शकाखाली एका क्षेत्रात पाचपर्यंत पस सेल्स असणे चालते. त्यांच्या रिपोर्टात आठ-दहा आहेत, पण सोबत एपिथेलियल सेल्स 'भरपूर' आहेत. या पेशी बाहेरच्या त्वचेच्या आणि योनीमार्गाच्या असतात. त्या भरपूर असणे म्हणजे नमुना नीट घेतलेला नाही. पांढरे जात असेल तर त्यातले पस सेल्स लघवीत मिसळतात. अशा रिपोर्टावर औषध देण्याआधी नमुना पुन्हा घ्यावा. स्वच्छ पाण्याने धुऊन, सुरुवातीची थोडी धार सोडून, मधली धार बाटलीत घ्यावी. बाटली लॅबोरेटरीतूनच घ्यावी. खोकल्याच्या औषधाची रिकामी बाटली विसळून आणली तर तिच्यातल्या पाकामुळे चांगल्या माणसाच्या लघवीतही साखर निघू शकते. आष्टी-पाटोद्याच्या वाडीवस्तीवरून सकाळी घेतलेला नमुना एस.टी.च्या उन्हात तीन तास तापत जिल्ह्याच्या गावी आला तर त्यात जंतू वाढतात आणि पेशी फुटतात. शक्य तो लॅबोरेटरीतच नमुना द्यावा आणि तासाभरात तो तपासला जावा. थोडे ऑक्झलेटचे स्फटिक नमुना गार झाला तरी दिसतात. तेवढ्यावरून मुतखडा ठरत नाही.

हा पस सेल्सचा प्रश्न वरवरचा नाही. २०१९ साली आपला जिल्हा देशभर चर्चेत आला तो ऊसतोड करणाऱ्या महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांमुळे. शासनाने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली. फडात आडोसा नाही, शौचालय नाही, पाणी दुरून आणायचे, म्हणून बायका पाणी कमी पितात आणि लघवी तासन्‌तास दाबून धरतात. जळजळ आणि पांढरे जाणे हे त्यातूनच येते. यावर चांगला घेतलेला लघवीचा नमुना, गरज असेल तर कल्चर, आणि योग्य औषधाचा पूर्ण कोर्स हे उत्तर आहे.

लाल पेशींबद्दल थोडे. दोन-तीनपर्यंत चालतात. पन्नाशी उलटलेल्या, विशेषतः विडी-सिगारेट ओढणाऱ्या माणसाला काहीही न दुखता लाल लघवी झाली आणि एक-दोन दिवसांत आपोआप थांबली, तरी मूत्राशयाच्या कर्करोगाची तपासणी झालीच पाहिजे. बीट खाल्ल्याने किंवा क्षयाच्या रिफॅम्पिसिन या गोळीने लघवी लालसर होते, त्यात रक्त नसते. आणि रिपोर्टात 'लाल पेशींचे कास्ट' असे लिहिले असेल तर ते रक्त गाळणीतूनच येते आहे. तो रिपोर्ट घेऊन त्याच दिवशी डॉक्टरांना भेटावे.

येथपर्यंत वाचून कोणी म्हणेल, अल्ब्युमिन नाही म्हणजे मूत्रपिंड शाबूत. तसे नाही, आणि आपल्या जिल्ह्याच्या दृष्टीने याला फार महत्त्व आहे. मध्य अमेरिकेत एल साल्वादोर, निकाराग्वा या देशांत ऊसतोड करणाऱ्या मजुरांमध्ये मूत्रपिंड निकामी होण्याचा एक आजार गेल्या काही दशकांत लक्षात आला. माणसे ऐन तिशी-चाळिशीतली, मधुमेह नाही, रक्तदाब नाही. कडक उन्हात, अपुऱ्या पाण्यावर, जबर कष्टाचे काम हे त्यामागचे मोठे कारण मानले जाते. आंध्र प्रदेशात श्रीकाकुलम जिल्ह्याच्या उद्दानम भागातही शेतकरी-मजुरांत असाच आजार आढळला आहे. या आजारात लघवीत अल्ब्युमिन फार थोडे येते किंवा येतच नाही. लघवीचा रिपोर्ट चांगला आणि मूत्रपिंड मात्र खराब, असे होते. तो पकडायचा तर रक्तातील क्रिएटिनिन तपासावे लागते.

क्रिएटिनिनचा आकडाही वय पाहून वाचावा. १.२ हा आकडा रिपोर्टावर दोघांनाही 'नॉर्मल' म्हणून छापून येऊ शकतो. पंचवीस वर्षांच्या पुरुषात त्यावरून गाळण्याची गती सुमारे ८६ निघते. साठ वर्षांच्या बाईत त्याच १.२ ला ती सुमारे ५२ च निघते. ही गती ६० च्या खाली तीन महिने राहिली तर मूत्रपिंडाचा दीर्घ आजार धरतात. लॅबोरेटरीला 'ईजीएफआर काढून द्या' असे सांगितले की ही गती लिहून मिळते. अंगावर मांस कमी असेल तर क्रिएटिनिन मुळातच कमी दिसते, हेही ध्यानात ठेवावे.

वडवणी, धारूर, केज, शिरूर, पाटोदा भागातून दिवाळीच्या सुमारास निघालेले कोयते उन्हाळा लागल्यावर गावी परततात. परत आल्यावर आठ-दहा दिवस विश्रांती होऊ द्यावी, म्हणजे कष्टामुळे तात्पुरते दिसणारे अल्ब्युमिन निघून जाईल. मग नवरा-बायको दोघांनी लघवी आणि क्रिएटिनिन तपासून घ्यावे. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत आणि रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार व तपासण्या निःशुल्क करण्यात आल्या आहेत. अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालयही आहे. फडावर असताना मोळ्या वाहून अंग मोडून आले आणि लघवी चहासारखी काळपट झाली, तर स्नायूंचा नाश होऊन त्यातील रंगद्रव्य लघवीत उतरत असण्याची शक्यता असते. अशा वेळी पट्टीवर 'रक्त' येते आणि सूक्ष्मदर्शकाखाली लाल पेशी दिसत नाहीत. हा माणूस कोपीत झोपवून ठेवायचा नाही, तातडीने रुग्णालयात न्यायचा. अंगदुखीसाठी डायक्लोफेनॅक, ॲसिक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन यांच्या गोळ्या मेडिकलमधून पुडीने आणून रोज घेण्याची सवय तर फारच घातक. शरीरात पाणी कमी असताना या गोळ्या मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा आणखी घटवतात, आणि हे नुकसानही सुरुवातीला लघवीच्या रिपोर्टात दिसत नाही.

गरोदर बाईच्या लघवीतील अल्ब्युमिनसाठी मात्र तीन महिने थांबायचे नाही. पाचव्या महिन्यानंतर रक्तदाब १४०/९० किंवा वर आणि लघवीत अल्ब्युमिन, असे असेल तर त्याच दिवशी रुग्णालयात दाखवावे. डोके दुखणे, डोळ्यांपुढे अंधारी येणे ही तर झटके येण्याआधीची सूचना असते. माता-बाल संरक्षण कार्डावर लघवीतील अल्ब्युमिनची नोंद करण्याची जागा असते. दर भेटीत ती भरली जाते की नाही हे आशाताईंना विचारावे. तोडीला जाणाऱ्या बाईने ते कार्ड सोबत न्यावे आणि कारखान्याजवळच्या आरोग्य केंद्रात तपासणी चालू ठेवावी.

लहान मुलाचे डोळे सकाळी सुजलेले दिसत असतील, लघवीला फेस येत असेल, तर 'जागरण झाले', 'दृष्ट लागली' म्हणून आठवडा घालवू नये. लघवीत अल्ब्युमिन तीन-चार अधिक आले तर तो बहुधा नेफ्रोटिक सिंड्रोम असतो, आणि यातील बहुसंख्य मुले स्टेरॉइडच्या औषधाने सुधारतात. औषध पुन्हा पुन्हा लागू शकते, ते मध्येच सोडू नये. अंगावर खरूज-फोड झाल्यानंतर दोन-तीन आठवड्यांनी तोंडावर सूज आणि चहासारखी लघवी झाली तर मुलाचा रक्तदाब मोजून घ्यावा; दवाखान्यात लहान मुलाचा पट्टा नसेल तर तो असलेल्या ठिकाणी न्यावे.

रिपोर्ट फेकू नयेत. मागचे सगळे तारखेप्रमाणे एका पिशवीत ठेवून डॉक्टरांकडे जाताना न्यावेत. दोन वर्षांपूर्वी 'नाही' होते, गेल्या वर्षी 'एक अधिक' आणि आता 'दोन अधिक', हा क्रम ताज्या एका कागदावर दिसत नाही.

(पुढील आठवड्यात : मुतखडा आणि बोअरचे पाणी)